मदत हवी आहे: जुनी गाडी ओळखीतली घेऊ, डीलरची घेऊ की कंपनीच्या शोरूमची?

डिचोलीवाला
नमस्कार मंडळी. गणपतीच्या चवथीच्या आधी गाडी दारात हवी आहे आणि दिवस थोडे राहिलेत. तीन बघून ठेवल्यात. एक ओळखीतल्या माणसाची, तो ३ लाख ६० हजार म्हणतो. दुसरी म्हापशाला डीलरकडे, ३ लाख ८५. तिसरी कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या शोरूमला, ४ लाख ४०, आणि ते एक रुपया खाली यायला तयार नाहीत. गाडी तीच, मग ८० हजार जास्त कशाचे द्यायचे हे कोणी नीट समजावून सांगेल का? घरात बाबा म्हणतात ओळखीतलीच घे, बायको म्हणते वॉरंटीवाली घे, आणि दोघंही हट्टाला पेटलेत. रविवारी ओळखीतल्याला टोकन द्यायचं कबूल केलंय. कृपया नवी घ्या म्हणून सांगू नका, तेवढे पैसे नाहीत.

सांतिनेज
कुठली गाडी, कुठलं साल, किती चालली, पेट्रोल की डिझेल, कितवा मालक? यातलं काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार.

डिचोलीवाला
वॅगन आर हो, तिन्ही २०१९ च्या, पेट्रोल. ओळखीतली ४८ हजार चाललीय, बाकीच्या दोन ६० च्या आसपास. आता सांगा.

पर्वरीचा विनू
डीलरकडून अजिबात घेऊ नका. जुन्या गाडीवर आता १८ टक्के जीएसटी लागतो, ३ लाख ८५ वर ६९ हजार झाले. म्हणजे ती शोरूमपेक्षा महाग पडली. ओळखीतली डोळे झाकून घ्या.

मडगावची हिशोबनीस
विनूदादा, असं लिहून लोकांना घाबरवू नका. १८ टक्के पूर्ण किमतीवर नाही, डीलरच्या फरकावर लागतो. त्याने ३ लाख ४० ला घेऊन ३ लाख ८५ ला विकली तर ४५ हजारांवर १८ टक्के, म्हणजे ८,१००. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत ठरलं तेव्हापासून हा गैरसमज फिरतोय. माणसाने माणसाला विकली तर जीएसटीचा संबंधच नाही. धागाकर्त्याने डीलरला एवढंच विचारावं की सांगितलेल्या भावात कर धरलाय का आणि बिल मिळणार का. बिल द्यायला कां-कूं करणारा असेल तर तिथून उठावं.

आणखी एक. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. नवीचा भाव उतरला की जुनीचाही उतरायला हवा, पण बरेच विकणारे अजून जुनाच आकडा धरून बसलेत. तिन्ही ठिकाणी हे बोलून घासाघीस करा.

कोल्हापूर फेरी
तिन्ही सोडा. माझं ऐका, कोल्हापूरला जा. तीच गाडी तिथे ४०-५० हजारांनी स्वस्त मिळते, मी दोन आणल्या. सकाळी निघायचं, संध्याकाळी गाडी घेऊन घाट उतरायचा.

सांतिनेज
आणि मग? एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ तिथल्या आरटीओकडून काढायचा, इथे नव्याने नंबर घ्यायचा, गोव्याचा रोड टॅक्स पुन्हा भरायचा, आणि तिकडचा टॅक्स परत मिळवायला खेटे घालायचे. तुमचे ४० हजार त्यात गेले.

कोल्हापूर फेरी
बारा महिने एमएच नंबरवर चालवता येते की. कायद्यात सवलत आहे.

सांतिनेज
सवलत नव्या नंबराबद्दल आहे, मालकाचं नाव बदलायला नाही. गाडी विकत घेतली तर नाव लावावंच लागतं, दुसऱ्या राज्यात गेली म्हणून ते टळत नाही.

फोंड्याचा गॅरेजवाला
बावीस वर्षं गाड्या उघडतोय म्हणून लिहितो. भाव नंतर बघा, आधी पाणी आणि गंज बघा. २०२१ च्या जुलैत चिपळूण, कोल्हापूर, सांगलीकडे पूर आला, आपल्याकडेही सत्तरी-डिचोलीत घरांत पाणी शिरलं होतं. तेव्हा बुडालेल्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत सगळ्या, पुष्कळशा धुवून पुसून विकल्या गेल्या आणि आज तिसऱ्या-चौथ्या हातात आहेत. २०१९ ची गाडी तेव्हा दोन वर्षांची होती हे ध्यानात ठेवा.

कसं ओळखायचं ते सांगतो, याला पैसे लागत नाहीत. पुढच्या सीटचा बेल्ट धरून शेवटपर्यंत ओढायचा, अगदी संपेपर्यंत. वरचा भाग रोज हाताखाली असतो, तो लोक धुतात. आत गुंडाळलेला भाग कोणी धुवत नाही. तिथे तपकिरी पट्टा किंवा बारीक माती दिसली की समजायचं पाणी तेवढ्या उंचीपर्यंत चढलं होतं. मग सीट पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांचे बोल्ट बघा, डिकीत स्टेपनी काढून खालचा खळगा बघा. वरून पॉलिश केलेली गाडी इथे पकडली जाते.

किनाऱ्याची गाडी असेल, कळंगुट-बागा बाजूची, तर जॅकवर घेऊन खालून बघितल्याशिवाय घेऊच नका. खारं वारं पत्रा खातं, रंगाला ते दिसत नाही.

आणि टायर. बाजूला शेवटचे चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सात वर्षांचे टायर असतील तर नक्षी शिल्लक दिसली तरी चारही बदलायचे धरून चला, हजारो रुपये तिथेच गेले.

डिचोलीवाला
धन्यवाद मेस्त. पण माझा प्रश्न शोरूमचे ८० हजार जास्त का, हा होता.

मडगावची हिशोबनीस
तेच सांगतेय सगळे. शोरूमच्या ४ लाख ४० मध्ये नाव बदलून देणं, वर्षाची वॉरंटी, दोन-तीन फुकट सर्व्हिस असं असतं. हे लेखी मागा. वॉरंटी बहुतेक इंजिन आणि गिअरबॉक्सची असते, क्लच, टायर, बॅटरी, सस्पेन्शन त्यात नसतं. ओळखीतल्याच्या ३ लाख ६० मध्ये टायर, बॅटरी, एक मोठी सर्व्हिस, नाव बदलण्याचा खर्च आणि नवा इन्शुरन्स घाला. ८० चा फरक ३५-४० वर येतो. मग प्रश्न असा उरतो की ३५-४० हजारांत वर्षभराची निश्चिंती हवी की नको.

इन्शुरन्सचं म्हणाल तर विकणारा सांगेल की पॉलिसी मार्चपर्यंत आहे, नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याची सूट) आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची, नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

वास्को ई२०
पेट्रोलची गाडी घेताय तर ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विचार केलाय का? एप्रिल २०२३ पासून कंपन्या ई२० ला चालणारे भाग घालायला लागल्या, तुमची २०१९ ची आहे. माझ्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय.

सांतिनेज
त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको. डिचोलीवाले, कितवा मालक आणि आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का, याचं उत्तर अजून दिलं नाहीत.

डिचोलीवाला
तो दुसरा मालक. बोजा आहे, पण पाचच हप्ते राहिलेत, माझ्या टोकनच्या पैशांतून भरून मोकळं करतो म्हणाला. त्यात काय एवढं? माणूस चांगला आहे, मामाच्या बाजूला राहतो.

कुडचडेची सुधाताई
बाळा, टोकन देऊ नकोस. माणूस चांगला असतो, त्याचे दिवस वाईट असतात. टोकनचे पैसे घरच्या आजारपणात गेले तर तो हप्ते कुठून भरणार, आणि तू मामाच्या दारात जाऊन कसा मागणार?

आमचं सांगते. आम्ही जुनी गाडी एका डीलरला दिली. नाव बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या, तारीख कोरी ठेवली, पुढचं आम्ही बघतो म्हणाले. आठ महिने चलनं माझ्या मिस्टरांच्या मोबाईलवर येत होती, एक तर कारवारच्या वाटेवरचं. गाडी कोणाच्या हातात आहे तेच ठाऊक नव्हतं. रोज रात्री मिस्टर फोन उघडून बघायचे, अपघाताचा मेसेज येतो की काय या धास्तीने. शेवटी ज्याच्याकडे गाडी होती त्याचा पत्ता एका चलनाच्या फोटोवरून लागला, दुकानाचं नाव होतं काचेवर. म्हणून सांगते, कागद आधी, पैसे नंतर.

मडगावची हिशोबनीस
ताई बरोबर सांगतात. सुप्रीम कोर्टाने २०१८ सालीच सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी ताब्यात आल्यावर पोर्टलवर कळवावं लागतं, फॉर्म २९सी. म्हापशाच्या डीलरला ते अधिकारपत्र दाखवायला सांगा, एका मिनिटाचं काम आहे.

फोंड्याचा गॅरेजवाला
डीलरची गाडी आधी रेंट-अ-कॅब (स्वतः चालवायला भाड्याने द्यायची) होती का तेही बघा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे होते आणि नंतर पांढरी पाटी आली, अशा गाड्या आपल्याकडे खूप. कायदेशीर बदलल्या असतील तर गुन्हा नाही, पण वर्षानुवर्षं रोज नवा हात, कोणी क्लच सांभाळला असेल? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन हिस्टरी काढा, किलोमीटर फिरवलेत का तेही तिथेच कळतं.

पर्वरीचा विनू
जीएसटीचं माझं चुकलं, मान्य. पण ओळखीतली घ्यावी हे माझं मत कायम आहे. गाडी कशी वापरली ते शेजाऱ्यांना विचारता येतं, हे कुठल्याच शोरूमला मिळत नाही.

कुडचडेची सुधाताई
हे पटलं. फक्त पैसे बँकेत.

डिचोलीवाला
शनिवारी तिन्हीकडे जाऊन आलो. म्हापशाच्या गाडीचा ड्रायव्हरकडचा बेल्ट मेस्त म्हणाले तसा ओढला. वर काळा कुळकुळीत, शेवटची वीतभर मात्र कडक आणि मातकट, नखाने खरवडल्यावर बारीक माती आली. डीलर म्हणाला पावसात खिडकी उघडी राहिली असेल. मी बेल्ट सोडला आणि निघालो. मेस्त, तुमचे उपकार विसरणार नाही, गाडी बघून ओळखीतल्याचं सोडून मी डीलरलाच टोकन द्यायच्या विचारात आलो होतो, रंग इतका सुंदर होता.

ओळखीतल्याची हिस्टरी काढली, किलोमीटर जुळतात. टायर सात वर्षांचेच, खालून थोडा गंज आहे. रोज डिचोली ते वेर्णा जायचंय, येऊन-जाऊन शंभरच्या आसपास पडतात, हे सांगायचं राहिलं होतं.

सांतिनेज
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. रोजचे शंभर म्हणजे वर्षाला २५ हजारांच्या वर. शोरूमची वॉरंटी वर्ष की किलोमीटर, आधी जे संपेल ते, असं असतं. तुमचे किलोमीटर आधी संपतील. मग ८० हजारांना तितका अर्थ राहत नाही.

डिचोलीवाला
हेच कळायला हवं होतं, बायकोलाही पटलं. ओळखीतल्याशी बोललो, टायरांचे कमी करून ३ लाख ४२ वर आलाय. टोकन नाही म्हणालो. सोमवारी आम्ही दोघं बँकेत जाऊन राहिलेली रक्कम मी थेट त्याच्या लोन खात्यात भरणार, उरलेले नाव लागायच्या दिवशी. त्यालाही बरं वाटलं, व्याज वाचलं म्हणाला. चवथीआधी नाही झालं तरी चालेल, बाबांना समजावलंय. कर्ज फिटल्याच्या फॉर्म ३५ च्या बँकेकडून किती प्रती घ्यायच्या?

मडगावची हिशोबनीस
दोन. दोन्हींवर बँकेचा शिक्का आणि सही, आणि बँकेची एनओसी वेगळी मागा. शिक्का पुसट उठला असेल तर तिथेच दुसरा मारून घ्या, नाही तर पुन्हा बँकेत जावं लागेल.