नॅसकारमध्ये श्रीमंत टीम्सना नियमांनी वेसण घालावी का?

टर्न_फोर:
मी २०२२ पासून नॅसकार (अमेरिकेतल्या स्टॉक कारच्या शर्यती) बघतोय, म्हणजे नेक्स्ट जेन गाडी आली तेव्हापासूनच. तेव्हा गाजावाजा असा होता की आता सुटे भाग सगळ्यांना एकाच ठरलेल्या पुरवठादाराकडून घ्यावे लागणार, त्यामुळे छोट्या टीम्सनाही वाव मिळेल. पहिल्या वर्षी १९ वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले आणि खरंच तसं वाटलं. पण चॅम्पियन बघा: २०२२ लोगानो, २०२३ ब्लेनी, २०२४ परत लोगानो, २०२५ लार्सन. म्हणजे तीनदा पेन्स्की आणि एकदा हेंड्रिक, दोन्ही बड्या टीम्स. मग एवढे नियम करून साधलं काय? फॉर्म्युला वनसारखी खर्चावरच मर्यादा का नाही घालत? माझा एक मित्र म्हणतो, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने तो का लावू नये. मला दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत आहे.

पत्राकाम:
मित्राला सांगा, हा वाद १९४९ पासून चालू आहे. शार्लटला 'स्ट्रिक्टली स्टॉक'ची (आजच्या कप मालिकेचं जुनं नाव) पहिलीच शर्यत, ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार निघाला. चोरटी दारू वाहणाऱ्यांची ती जुनी युक्ती. विजय जिम रोपरला दिला, गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. पहिल्याच दिवशी ही तऱ्हा.

मी नॉर्थ कॅरोलायनात एका छोट्या टीमच्या शॉपमध्ये काही वर्षं बॉडीवर काम करत होते (नाव विचारू नका). त्यामुळे माझं मत थोडं एकांगी आहे, पण सांगते.

नियमाने एक वाट बंद केली की पैसा दुसरी शोधतो. २००९ पासून ट्रॅकवरच्या खासगी चाचण्या बंद केल्या. हेतू चांगला होता: मोठ्या टीम्स दर आठवड्याला ट्रॅक भाड्याने घेऊन पळत होत्या, ते थांबावं. थांबलं. मग तोच पैसा सिम्युलेटरमध्ये गेला, सेव्हन-पोस्ट रिगवर (गाडीला ट्रॅकसारखे हादरे देणारं यंत्र) गेला, काँकर्डच्या विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या झोतात गाडी तपासायची जागा) गेला, जिथे गाडीखालचा पट्टासुद्धा ताशी १८० मैलांनी फिरतो. ट्रॅकवर निदान आम्ही कुंपणाला नाक लावून दुसऱ्याची गाडी बघू तरी शकत होतो. सिम्युलेटरच्या खोलीत कोण घेणार?

याउलट पिट गनचं बघा, म्हणजे शर्यतीत मध्येच थांबून चाकं बदलायची यंत्रं. २०१८ च्या आधी काही मोठ्या टीम्स नट काढायच्या गन स्वतःच्या स्वतः बनवत होत्या. त्यासाठी वेगळे इंजिनिअर, वेगळी खोली, गन तिजोरीत ठेवल्यासारख्या. तेव्हा एका चाकाला पाच नट असायचे, त्यात सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ वाचला तरी पिटमधून बाहेर पडताना दोन गाड्या मागे टाकता यायच्या. २०१८ ला नॅसकारने सगळ्यांना एकसारख्या गन द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या बिघडायच्या, शिव्या खूप खाल्ल्या, टेक्सासला हार्विकसारख्या बड्या ड्रायव्हरच्या टीमलाही फटका बसला. पण त्या एका नियमाने एक अख्खं खातं बंद पडलं. मला तो नियम आवडतो, कारण ती वस्तू हातात घेता येते, मोजता येते आणि शर्यत संपल्यावर परत गोळा करता येते.

तसंच डेटाचं. कोण कुठे थ्रॉटल सोडतो, कुठे ब्रेक मारतो, स्टिअरिंग किती फिरवतो, हे आता सगळ्या टीम्सना दिसतं. पूर्वी मोठ्या टीम्स हेच ओढूनताणून मिळवायच्या. ते उघडं करून टाकल्यावर त्यासाठी पैसा ओतण्यात अर्थच उरला नाही. वाटून टाकलेल्या गोष्टीवर कोणी खर्च करत नाही.

आता नेक्स्ट जेनबद्दल, म्हणजे माझ्या पोटदुखीबद्दल. आधीच्या गाडीच्या बाजूचा पत्रा आम्ही हाताने घडवायचो. इंग्लिश व्हीलवर पत्रा पुढेमागे करत गोलाई आणायची, टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता टाका) मारायचा, साच्याला लावून बघायचं, परत काढायचा, मग वेल्डिंग, पुट्टी, घासकाम. शनिवारी गाडी भिंतीला घासून आली की सोमवारी सकाळी ठोकायला घ्यायची. आमच्याकडे पैसे नव्हते, पण रात्रभर काम करणारी माणसं होती. गरीब टीमची पुंजी काय असते? स्वस्त मजुरी आणि थोडं डोकं. आता पॅनल तयार येतं, बोल्टने बसतं, खराब झालं की नवीन मागवायचं आणि बिल भरायचं. त्याला हात लावलात तर गुन्हा: २०२२ ला ड्रायव्हर केसेलोव्स्कीला अशाच एका भागात बदल केल्याबद्दल १०० गुणांचा दंड झाला. म्हणजे समानतेसाठी केलेल्या नियमाने मोठ्यांची प्रयोगशाळा छोटी झाली, हे खरं, पण आमचा हातोडाही गेला. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तरी विचारलंत तर हो, मर्यादा हवीच. १९९७ च्या ऑल-स्टार शर्यतीत हेंड्रिकने जेफ गॉर्डनसाठी 'टी-रेक्स' गाडी आणली होती. नियमांत बसणारी, आणि बाकीच्यांना उभंच करेना. शर्यत झाल्यावर 'ही परत आणू नका' म्हणून निरोप गेला. अभियांत्रिकी म्हणून मला ती गाडी आजही सुंदर वाटते, पण तशा गाड्या चालू दिल्या असत्या तर बाकीचे घरी बसले असते.

सुपरस्पीडवे:
ताई, सगळं मान्य, पण पैसा म्हणजेच सगळं हे काही पटत नाही. १९९२ ला अ‍ॅलन कुलविकी स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, स्वतःच इंजिनिअर. जुनिअर जॉन्सन या बड्या टीम मालकाची नोकरी नाकारून स्वतःची टीम चालवली आणि बिल एलियटला १० गुणांनी हरवलं. २०१७ ला डेन्व्हरची फर्निचर रो टीम, शार्लटपासून हजाराहून जास्त मैलांवर बसून चॅम्पियन! नियम कशाला, डोकं लावा की.

पत्राकाम:
कुलविकीपुढे हात जोडते. अटलांटाच्या त्या शेवटच्या शर्यतीत एलियट जिंकला, पण सर्वाधिक लॅप पुढे राहण्याचे पाच गुण कुलविकीला मिळाले: १०३ विरुद्ध १०२. पिटमध्ये कधी यायचं हे आकडेमोड करून ठरवलं होतं त्याने. पण त्यानंतर असा चॅम्पियन मालक-ड्रायव्हर थेट २०११ ला टोनी स्टुअर्ट, आणि त्याच्या मागे इंजिन-चासी हेंड्रिकचं. एकोणीस वर्षांत एक. याला तुम्ही पुरावा म्हणा, मी अपवाद म्हणते.

फर्निचर रोचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. मालकाने स्वतःच्या खिशातून वर्षानुवर्षं पैसा घातला, तांत्रिक मदत जो गिब्सच्या बड्या टीमकडून घेतली, चॅम्पियन झाले, आणि २०१८ च्या शेवटी टाळं! मुख्य प्रायोजक निघून गेला आणि गिब्सला द्यायचे पैसे वाढले. चॅम्पियन टीम पुढच्याच वर्षी बंद होते, यात गाडीच्या नियमांचा दोष नाही. उत्पन्न प्रायोजकावर टांगलेलं होतं, हा दोष. चार्टरची (टीमला प्रत्येक शर्यतीत जागेची हमी देणारा परवाना) भांडणं त्याचीच. २०१६ ला ३६ चार्टर दिले, पण ते कायमचे नव्हते. २३इलेव्हन आणि फ्रंट रो या टीम्स २०२४ ला कोर्टात गेल्या, डिसेंबर २०२५ ला तडजोड होऊन चार्टर कायमचे झाले. मला विचाराल तर छोट्या टीमसाठी हे कुठल्याही पॅनलच्या नियमापेक्षा मोठं काम झालं.

टर्न_फोर:
मग खर्चाची मर्यादा? त्यावर तुम्ही बोललाच नाहीत.

पत्राकाम:
मुद्दामच. फॉर्म्युला वनला जमतं ते तरी किती? २०२१ ला मर्यादा आली आणि पहिल्याच वर्षी रेड बुलने ओलांडली. निकाल लागेपर्यंत २०२२ चा हंगाम संपत आला होता. ७० लाख डॉलर दंड आणि विंड टनेलच्या वेळेत १० टक्के कपात. इथे तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा. सिम्युलेटर फोर्डचा, शेव्हरोलेचा, टोयोटाचा. त्यावरचा इंजिनिअर पगार कंपनीकडून घेतो आणि काम टीमचं करतो. तो खर्च कोणाच्या नावावर? हेंड्रिक दुसऱ्या टीम्सना इंजिन देते. त्यातला संशोधनाचा वाटा हेंड्रिकचा की गिऱ्हाइकाचा? चार चांगले सीए लावले की सगळं बसतं. आणि चांगले सीए कोणाला परवडतात?

फॉर्म्युला वनकडून घ्यायचीच तर दुसरी गोष्ट घ्या: जो वर त्याला विंड टनेलचा वेळ कमी, जो तळाला त्याला जास्त. याला वह्या तपासाव्या लागत नाहीत, दाराशी घड्याळ घेऊन माणूस बसवला की झालं.

आणि पैशाचा दंड मोठ्या टीमला करण्यात काही राम नाही. २०२३ ला फिनिक्सला हेंड्रिकच्या चारही गाड्यांच्या लूव्हरमध्ये (बॉनेटवरचे झरोके) फेरफार सापडला. चार क्रू चीफ (गाडीचे तांत्रिक प्रमुख), प्रत्येकी एक लाख डॉलर दंड, चार शर्यती घरी. तो दंड राहिला. झोंबले होते ते १०० गुण, आणि अपिलात नेमके तेच परत मिळाले. आमच्यासारख्या टीमला एक लाखाचा दंड झाला असता तर पुढच्या शर्यतीला ट्रक निघाला नसता.

डर्ट_लेट:
मध्येच बोलतो. आमच्या मातीच्या ट्रॅकवर यावर भारी तोड आहे, इंजिन क्लेम. आयएमसीए या संस्थेच्या मॉडिफाइड गाड्यांत शर्यत संपली की मागच्या ड्रायव्हरने ठरलेली रक्कम टाकायची आणि जिंकणाऱ्याचं इंजिन मागायचं. नाही म्हणालात तर विजय गेला. त्या रकमेच्या कितीतरी पट खर्च करून इंजिन बनवायला कोण जाईल? हिशेब नको, ऑडिट नको. कपमध्ये आणा की हे!

पत्राकाम:
मला हा नियम फार आवडतो, पण कपमध्ये क्लेम करून काय मिळवणार? २०२१ च्या डेटोना ५०० चा शेवटचा लॅप आठवा. पेन्स्कीच्या दोन गाड्या पुढे होत्या, एकमेकींवर आदळल्या, आणि मागून फ्रंट रोचा मॅकडॉवेल निघून गेला. तिन्ही गाड्यांत इंजिन रौश येट्स या एकाच कंपनीचं, मग मागून वेगळं काय मिळणार?