अनुभव धागा: ऑनलाइन रोलप्ले – तुम्ही कोण होतात?

कवडसा
काल माळा आवरताना एक दोनशेपानी वही सापडली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात: ‘तात्या वैद्य. वय ६२. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. गूळ आवडतो. पाटलाशी अबोला.’ नवऱ्याने विचारलं, हे तुमच्याकडचे कोण? म्हटलं, मीच.

२००८, ऑर्कुट (तेव्हाची फेसबुकसारखी साइट). मी २१ वर्षांची, नाशकात होस्टेलला. चौदा-पंधरा जण मिळून आम्ही एक गाव चालवत होतो (नाव सांगत नाही, उगाच कुणी ओळखायचं). एकाने चार ओळी लिहायच्या, दुसऱ्याने आपल्या पात्राच्या तोंडून गोष्ट पुढे न्यायची. नियम एकच, पण कडक: दुसऱ्याच्या पात्राचं आपण ठरवायचं नाही. ‘पाटलाला काठी मारली’ असं लिहिलं की बोंबाबोंब. ‘काठी उगारली’ एवढंच लिहायचं. लागली की नाही, ते पाटील सांगणार. मी रात्रभर डोकं खाजवून भांडण रचायचे आणि सकाळी पाटील काठी हातातून काढून घेत लिहायचा, ‘तात्या, बसा. चहा घेता?’ सगळा डाव पाण्यात! इतका राग यायचा, आणि तेवढ्यासाठीच परत जायचे.

मेसशेजारच्या कॅफेत तासाला १५ रुपये. लोडशेडिंग सुरू झालं की तिथला इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकायचा. म्हणजे ऐन प्रसंगात तात्या दोन-दोन तास गायब. शेवटी गावाने परस्पर ठरवून टाकलं की तात्यांना समाधी लागते. पुढे लोक समाधीची वेळ साधून दर्शनाला यायला लागले, नारळबिरळ घेऊन.

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. मी या वहीपलीकडे काहीच उतरवून ठेवलं नव्हतं.

तुमचं येऊ द्या.

लिंबूटिंबू
समाधी!!! हहपुवा

सोलकढी
मुंगी. हो, मुंगी. २०२० चा लॉकडाऊन, फेसबुकवर तो वारुळाचा ग्रुप आठवतोय का? लाखो माणसं मुंग्या झाली होती. कुणी खाऊच्या तुकड्याचा फोटो टाकला की खाली नुसतं ‘उचला’, ‘उचला’, ‘उचला’ (इंग्रजीत, अर्थात). आमच्याकडे वन बीएचकेत सासूसासरे, दोन पोरं, नवऱ्याचे कॉल. मी बाथरूममध्ये बसून राणीसाठी साखर वाहायचे. बाहेर येऊनही तेच करत होते म्हणा, पण तिथे कुणी ‘मीठ कमी आहे’ म्हणत नव्हतं. कुकर झाला, येते.

आबा_सिंधुदुर्ग
कवडसाताई, हे तर दशावतार झालं. आमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा आणि परत टाकायचा. राजाने उगाच लांबण लावली की राक्षस त्याला बरोबर जागेवर आणतो. रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. तुमचे तात्या त्यातलेच.

कवडसा
आबा, अगदी! फक्त आम्हाला रंग लावावा लागत नव्हता.

रातकिडा
मोबाईलवरून टंकतोय, चुभूद्याघ्या. जीटीए फाइव्ह या व्हिडिओ गेमचा आरपी (रोलप्ले) सर्व्हर, मी हवालदार. लोक येतात बँका लुटायला, मी नो पार्किंगच्या पावत्या फाडायचो. एकदा मित्राचा स्ट्रीम चालू होता, त्यात चोर कुठे लपलाय ते दिसलं. पण ते मला दिसलं, माझ्या हवालदाराला नाही. वापरलं तर मेटागेमिंग, सरळ बॅन. मग काय, मुकाट गाडी उलट्या दिशेला नेली आणि वायरलेसवर ओरडत राहिलो, ‘इकडे कोणी नाही साहेब.’ एवढा अभिनय शाळेच्या गॅदरिंगमध्येही केला नव्हता.
रच्याकने, आई दाराआडून ‘लायसन्स दाखवा’ ऐकायची. तिने बाबांना सांगितलं, पोरगा नोकरीला लागला.

लिंबूटिंबू
@रातकिडा मग लागली का?

रातकिडा
जखमेवर मीठ चोळू नका

मंतरलेला
वाचनमात्र असतो, आज लिहितो. मी बोलताना अडखळतो. टंकताना अडखळत नाही. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर लिहून डी अँड डी (फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा रोलप्ले खेळ) खेळायचो, माझा मांत्रिक प्रचंड बडबड्या. बोलून बोलून एकदा पुलाखालच्या राक्षसालाही गुंडाळणार होतो, पण वीस बाजूंच्या फाशावर १ पडला, त्यानेच मला नदीत फेकलं. असो. पुढे सगळ्यांनी व्हॉइसवर खेळायचं ठरवलं. मी दोन आठवडे गेलोच नाही. डीएमला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याला, माझं अडखळणं माहीत होतं. त्याने गोष्टीत लिहिलं की मांत्रिकाला शाप बसलाय, मंत्र तुटक बाहेर पडतो, पण तुटक पडलेला मंत्र दुप्पट लागतो. मला विचारलंसुद्धा नाही. आधी डोकंच फिरलं. तिसऱ्या आठवड्यात गेलो. पहिला मंत्र म्हणायला मला जवळजवळ अर्धं मिनिट लागलं, आणि पलीकडे सहाही जण गप्प. राक्षसही.

सोलकढी
@मंतरलेला, अजून लिहा ना.
(कुकरला पाच शिट्ट्या झाल्या, डाळीचं पिठलं झालंय.)

चकलीचा_सोऱ्या
अवांतर: मुंग्यांचा विषय निघालाच आहे तर, ओट्यावरच्या खऱ्या मुंग्यांना काय करता? खडू ओढून झाला.

आबा_सिंधुदुर्ग
हळद.

पारवा
तात्या, बसा. चहा घेता?

कवडसा
@पारवा, हात थरथरला हो माझा. तुम्ही... पाटील??

पारवा
अहो नाही नाही, सॉरी. २००८ ला मी चौथीत होतो. वाक्य आवडलं म्हणून लिहिलं.

कवडसा
अरे देवा. असू दे. घेते चहा. गुळाचा.

आबा_सिंधुदुर्ग
पारवा, पात्र उचललंत तर आता पुढचं वाक्यही टाका. असं अर्ध्यावर सोडायचं नाही.

पारवा
‘गूळ संपलाय तात्या. अबोला धरताना विचार करायचा होतात.’

कवडसा
‘काय? डाव्या बाजूने बोलू नका हो, ऐकू येत नाही.’

चकलीचा_सोऱ्या
हळद टाकली. आता पिवळ्या मुंग्या फिरतायत.