भावाला मालिकेत रोल मिळालाय, नोकरी सोडून मुंबईला पाठवावं का?

मानेवाड्याची ताई
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे लिहून राहिली आहे, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या. माझा लहान भाऊ 27 वर्षांचा, इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय, नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत पाच वर्षांपासून परमनंट आहे. कॉलेजपासून नाटकाचं वेड. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी काम करतो, मागच्या खेपेला अभिनयाचं प्रमाणपत्र पण मिळालं. शिफ्ट करून आला की तसाच तालमीला, रात्री साडेअकराला घरी, सकाळी परत कंपनीच्या बससाठी उभा. हे मी पाच वर्षं डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे शौक म्हणून करतो असं मला कोणी म्हटलं तर राग येतो.

वर्षभरापासून मोबाइलवर ऑडिशन पाठवत होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीला निळी चादर बांधायची, मी फोन धरायचा आणि समोरच्या पात्राची वाक्यं पण मीच म्हणायची. अशा तीसेक पाठवल्या असतील. आता एका मराठी डेली सोपमध्ये हिरोच्या मित्राचा रोल मिळालाय. मुंबईला लुक टेस्ट (मेकअप-कपडे घालून बघतात ती) झाली, मॉक शूट म्हणजे सरावाचं शूटिंग झालं, फायनल झाला. पैसे दिवसाप्रमाणे आहेत आणि 90 दिवसांनी मिळतील म्हणे. आई-बाबा घाबरलेत, घराचं लोन अजून सात वर्षं आहे आणि त्यातला अर्धा हप्ता तोच भरतो. तो काहीच बोलत नाही, फक्त म्हणतो ताई तू सांगशील तसं करतो, आणि त्यानेच मला जास्त टेन्शन आलंय. ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी सांगा. 90 दिवसांचं हे खरंच असं असतं का? आणि हातात किती पैसे घेऊन जावं?

परत_आलेला
ताई, मी 2014 ते 2020 मुंबईत होतो, मालिकांमध्येच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

90 दिवसांचं खरं आहे, तुमच्या भावाला कोणी फसवून नाही राहिलं, टीव्हीत सगळीकडे तसंच चालतं. त्याचा अर्थ असा की जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबर संपताना येतील, आणि येताना 10 टक्के टीडीएस कापून येतील (रिटर्न भरलं की हिशोबाने परत मिळतो, ते दरवर्षी भरायचंच, मी पहिली दोन वर्षं भरलं नाही आणि तेवढे पैसे सोडून दिले). म्हणजे पहिले तीन-चार महिने भाडं, डिपॉझिट, जेवण, लोकल-रिक्षा सगळं खिशातून. मी तर म्हणेन सहा महिन्यांचा खर्च हातात पाहिजे आणि घराचा हप्ता त्यात धरायचा, वेगळा नाही.

पण खरी गोष्ट दिवसांची आहे. दिवसाचा रेट ऐकून आपण त्याला तीसने गुणतो, तिथेच चुकतं. मित्राच्या रोलला महिन्याला आठ दिवस कॉल (शूटिंगचं बोलावणं) येऊ शकतो, कधी चारच. म्हणून महिन्याला किमान किती दिवसांची गॅरंटी हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्यायचं. कोऑर्डिनेटरमार्फत (काम मिळवून देणारा मधला माणूस) काम आलं असेल तर त्याचं कमिशन किती टक्के आणि ते टीडीएसच्या आधीच्या रकमेवर की नंतरच्या, हेही आत्ताच विचारा, नंतर विचारलं की वाईट दिसतं.

माझ्या एका मालिकेत मी चार महिने हिरॉइनचा भाऊ होतो. त्यातला एक चौकटीचा शर्ट माझा स्वतःचा होता, कारण छोट्या रोलला कपडे बऱ्याचदा घरचेच. एक सीन अर्धा राहिला होता, पुढचा भाग लागला की कंटिन्युइटीला, म्हणजे आधीच्या शूटिंगशी जुळायला, तोच शर्ट पाहिजे म्हणून दोन महिने मी तो धुऊन इस्त्री करून पिशवीत वेगळा ठेवला, बाहेर घातला नाही. मग एका गुरुवारी टीआरपी आला, खाली गेला होता, आणि पुढच्या आठवड्यात मेकअप रूममध्ये एका असिस्टंटने सांगितलं की तुमचा ट्रॅक (तुमच्या पात्राची गोष्ट) थांबतोय, तुम्ही दुबईला नोकरीला जाताय. तो सीन काही झाला नाही. त्या प्रॉडक्शनचे शेवटच्या महिन्याचे पैसे मला अकरा महिन्यांनी मिळाले, तेही तारखा आणि कॉल टाइम रोज डायरीत लिहिलेले होते म्हणून. भावाला पहिल्या दिवसापासून ती डायरी ठेवायला सांगा.

मार्च 2020 मध्ये शूटिंग बंद झालं ते जूनअखेरपर्यंत. मागचे पैसे अडकले, पुढचं काम नाही, घरी आलो. आता इथे नोकरी करतो आणि स्पर्धेची नाटकं बसवतो. गेल्याचा पस्तावा नाही मला, एक दिवसही नाही. तयारी न करता गेलो त्याचा आहे.

बर्डीचा_पोट्टा
ताई पाठवा बिनधास्त!! 27 चं वय परत येत नाही. आपले पोट्टे घाबरतच राहतात म्हणून मागे राहतात.

लक्ष्मीनगरचे काका
बर्डीकर, तुमचा उत्साह समजतो, पण घराचा अर्धा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे त्याला बिनधास्त म्हणणं बरोबर नाही.

मी इथल्या सायंटिफिक सभागृहात स्पर्धेची नाटकं कितीतरी वर्षांपासून बघतो, त्यामुळे ताईंच्या भावाला नक्की बघितलं असेल. नोकरी धरून ठेवली तर कलाकार अर्धवट राहतो असं एक खूळ तरुणांच्या डोक्यात असतं, ते आधी काढा. अशोक सराफ स्टेट बँकेत होते आणि नाटकं करत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. निळू फुले पुण्याच्या सैन्य वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, वयाच्या चाळिशीत आल्यावर 1969 मध्ये पूर्णवेळ नट झाले. यांच्यापैकी कोणाचा अभिनय नोकरीने कमी पडला?

आणि आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. चळवळीतला माणूस, सिनेमात करिअर करायला निघालेला नव्हता. ‘कोर्ट’ या मराठी सिनेमात शाहीर नारायण कांबळे केला आणि तो सिनेमा 2014 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला, भारताकडून ऑस्करला गेला. ते नागपूरचेच राहिले. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने इथेच गेले. त्यांचा तो चेहरा, पोलीस घेऊन जातात तेव्हाची ती शांत नजर, मला अजून दिसते, आणि ती कुठल्या क्लासात शिकून आलेली नव्हती, आयुष्यभराच्या कामातून आलेली होती.

आता नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’ सिनेमाचं बघा. इथल्या वस्त्यांमधली मुलं घेतली, शूटिंग 2018 च्या डिसेंबरात नागपुरात सुरू झालं आणि सिनेमा लागला मार्च 2022 मध्ये. मधली तीन वर्षं नटाने काय खायचं? कामात दोष नसतानाही असं होतं. म्हणून मी म्हणतो, जाऊ द्या, पण राजीनामा देऊन नको. कंपनीत बिनपगारी रजा मागून बघा, मिळाली तर उत्तमच.

सदर_कर
एक वेगळा मुद्दा, भाषेचा. भावाची भाषा कशी आहे? ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मालिकेतली राधिका आठवा, नागपूरची दाखवली होती, आणि ती करणारी अनिता दाते मूळची नाशिकची. तिने आपली बोली मेहनतीने उचलली आणि लोकांनी घराघरात ती राधिका आपली मानली. मला तेव्हा आधी थोडं लागलं होतं की आपली मुलगी का नाही घेतली, पण नंतर काम बघून पटलं. तसंच आपल्या पोट्ट्यांनी पण प्रमाण मराठी तितक्याच मेहनतीने करावी. ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ गोड आहे पण पुण्याचा मित्र करायचा असेल तर ते जिभेवरून गेलं पाहिजे, आणि वऱ्हाडी रोल आला की तसंच परत आलं पाहिजे. रोज अर्धा तास पेपर मोठ्याने वाचायला सांगा. डेली सोपमध्ये संवादांचा कागद सेटवर गेल्यावर हातात येतो, तेव्हा जिभेला सवय नसेल तर सगळं लक्ष पाठांतरातच जातं आणि चेहऱ्यावर काही राहत नाही.

वडसा_ते_नागपूर
ताई मी झाडीपट्टीतला म्हणजे पूर्व विदर्भातला माणूस, आता नागपुरात हुडकेश्वरले राहतो. मुंबईच म्हणजे नट असं काही नसते. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्या आहेत, दिवाळी झाली की मंडई (गावची जत्रा) अन् शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यती) निमित्ताने गावोगावी रातभर नाटकं, मांडवात हजारो लोक थंडीत चादर घेऊन बसतात. परशुराम खुणे यांनी हयात त्यात घातली, पाच हजारांवर प्रयोग केले, 2023 ले पद्मश्री मिळाली. तुमच्या भावाले मुंबईत नाही जमलं तं सीझनले इकडे या म्हणा. रातभर तीन अंकी नाटक केलं की आवाज कसा टिकवायचा ते समजते, ते कॅमेऱ्यापुढं पण कामी येते.

मानेवाड्याची ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणानंतर हे सगळं आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. परत_आलेला, तुमचं शर्टाचं वाचलं तेव्हा भाऊ उठून आत गेला, थोड्या वेळाने नवी डायरी घेऊन बाहेर आला.

काल त्याने कंपनीत विचारलं, तीन महिने बिनपगारी रजेचा अर्ज वर पाठवलाय, साहेब चांगले आहेत, नाही म्हणाले नाहीत. तीन महिन्यांचा हप्ता मी आणि बाबा मिळून भरू असं ठरलं, आईने पण हो म्हटलं. गॅरंटी दिवसांचं त्याने फोनवर विचारलं तर आधी टाळलं, मग महिन्याला दहा दिवस लिहून देतो म्हणाले, कागद अजून यायचाय, कागद आल्याशिवाय तो निघणार नाही. विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढून ठेवलंय, वेटिंग 14 आहे. काका, तुम्ही म्हणता ते खरं असेल, दोन वर्षांपूर्वी सायंटिफिकला एका नाटकात म्हाताऱ्या पोस्टमनचं काम केलं होतं, तोच तो.

अजून एक, सेट गोरेगावच्या बाजूला आहे. तिकडे दोघा-तिघांत खोली शेअर करून राहणारं आपल्याकडचं कोणी ओळखीचं असेल तर मला मेसेज करा, त्याला जेवण करता येतं.