कन्फर्मेशन झालं की पोरं जातात कुठे? (अनुभव धागा)

घोरपडीकर

सगळ्यांना जय ख्रिस्त. रिफॉर्मेशन संडेला आमच्या मंडळीत कन्फर्मेशन आहे, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतात तो विधी. जर्मन धर्मसुधारक लूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ ला विटेनबर्गमध्ये ते ९५ मुद्दे मांडले, त्याच्या जवळचा रविवार, म्हणून आम्हा लुथरन लोकांचा तो मोठा दिवस. आता आमची मंडळी म्हणजे अगदी मूठभर, कोणी छिंदवाडा-बैतूलकडचे, कोणी रांचीचे, काही तेलुगू घरं, आणि देऊळही आमचं नाही, दुसऱ्या मंडळीची सकाळची उपासना आटपली की दुपारी आमची. पुण्यात ख्रिस्ती आणि मराठी म्हटलं की लोक सीएनआयच (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) धरून चालतात, त्यांचंही चुकत नाही, १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या मिळून सीएनआय झालं तेव्हा लुथरन त्यात गेलेच नाहीत.

तर मुद्दा असा की दरवर्षी तेच होतं. पांढरे कपडे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, पहिलं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस), फोटो, बिर्याणी. पोरं नाताळपर्यंत दिसतात आणि मग थेट कोणाच्या तरी लग्नात. यावेळी प्रत्येक मुलाला एक फाइल द्यायची आहे ज्यात मोठ्यांचे खरेखुरे अनुभव असतील. का टिकलात, का गेलात, गेलात तर परत का आलात किंवा का नाही आलात. सीएनआय, मेथडिस्ट, सगळ्यांनी लिहा. उपदेश नको, तो पाळकसाहेब करतीलच. आणि "आजकालची पिढी" ने सुरू होणारी पोस्ट मी वाचणारसुद्धा नाही.

छिंदवाड्याची माई

मी लिहिते. आमच्याकडे स्वीडिश मिशन, १८७७ मध्ये आले ते लोक मध्य प्रांतात, त्यामुळे आमचं सगळं खानदान लुथरन. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी. कन्फर्मेशनच्या आधी लूथरची ती छोटी प्रश्नोत्तरी पाठ करायला लागायची, दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आणि प्रत्येक ओळीखाली तोच प्रश्न, याचा अर्थ काय. वडील रात्री भाकरी थापली जात असताना चुलीपाशी बसून विचारायचे, चौथी आज्ञा बोल, याचा अर्थ काय, मी अडखळले की आई पाठीमागून हळूच सांगायची आणि वडील ऐकलंच नाही असं दाखवायचे. मला तेव्हा वाटायचं वडिलांचा हा खास छळ आहे, पण नंतर कळलं की लूथरने १५२९ मध्ये ते लिहिलंच मुळी घरातल्या कर्त्या माणसासाठी, त्याने खेडोपाडी जाऊन बघितलं तर लोकांना सोडा, पाळकांनाही धड काही येत नव्हतं.

पण खरं सांगू का, पाठांतराने मी टिकले नाही. नर्सिंगला पुण्यात आले, हॉस्टेलवर, इथे लुथरन औषधालाही नाही. एका मराठी मंडळीत जायला लागले तर गाण्यांच्या चाली वेगळ्या, ना. वा. टिळकांची भजनं सगळ्यांना तोंडपाठ आणि मी नुसती ओठ हलवतेय. शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद झाला की पळायचे. त्या बाकावर एक म्हातारी आत्या बसायच्या, नात्यातल्या नव्हे, सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. त्या गाण्याचं पुस्तक माझ्या मांडीवर उघडून ठेवायच्या आणि बोटाने ओळ दाखवत गायच्या. बोटाला हळदीचा डाग असायचाच. एका रविवारी नाइट ड्यूटी करून मी झोपले, गेले नाही, तर सोमवारी हॉस्टेलच्या फोनवर त्यांचा फोन, वॉर्डन वैतागलेली. "काल दिसली नाहीस, बरी आहेस ना?" बस एवढंच. का आली नाहीस असं विचारलं असतं तर मी परत गेले नसते बहुतेक.

मुलांना हेच सांगा की नवीन गावात गेलात तर शेवटच्या बाकावर बसा, पण आशीर्वादानंतर दहा मिनिटं थांबा. आणि मोठ्यांना सांगा की फोन करा.

रांचीची सून

माई, डोळ्यात पाणी आणलंत.

माझं थोडं हलकंफुलकं. माहेर नगरचं, सीएनआय. मिस्टर रांचीचे, गोस्नर चर्चचे, म्हणजे लुथरनच, त्यांच्याकडे जर्मन मिशनरी १८४५ ला आले. आम्ही राहतो वडगाव शेरीला. लेक लहान असताना तिला मी जवळच्या मंडळीतल्या संडे स्कूलला घालत होते. एकदा परीक्षेत प्रश्न आला, आठवी आज्ञा लिहा. तिने लिहिलं, खोटी साक्ष देऊ नको. टीचरने लाल काट मारली, कारण त्यांच्या हिशोबाने आठवी म्हणजे चोरी करू नको. घरी येऊन ती बाबांवर भडकली, तुम्ही चुकीचं शिकवलं. बाबा म्हणतात बरोबर आहे. माझी आई नगरहून फोनवर म्हणते जावयाला दहा आज्ञा येत नाहीत! झालं असं की लुथरन लोक मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरतात आणि शेवटी लोभाच्या दोन करतात, त्यामुळे मधले सगळे नंबर एकाने मागे सरकतात. तिच्या वर्गातल्या कॅथलिक मैत्रिणीचं उत्तर मात्र तिच्याशी जुळलं, तेव्हा कुठे बाबांना माफी मिळाली.

हे सांगायचं कारण, त्या भांडणामुळे तिला चर्चमध्ये रस आला. कोण बरोबर, का वेगळं, मोजलं कोणी, असं करत करत तिने खोटी साक्ष वाली आज्ञा लूथरने कशी समजावली ते वाचलं. त्यात नुसतं खोटं बोलू नका असं नाही, शेजाऱ्याबद्दल चांगलं बोला आणि त्याच्या वागण्याचा होईल तेवढा चांगला अर्थ लावा असं आहे. आता सोसायटीच्या ग्रुपवर मी कोणाबद्दल काही टाइप करायला लागले की ती मागून ओरडते, मम्मी, आठवी! कन्फर्मेशन होऊन गेलं, रविवारी अजून येते. रोज भांडते ते वेगळं.

आता जात नाही

मी पण लिहू का? कारण मी गेले ती परत आले नाही. चर्चचं नाव घेणार नाही. कन्फर्मेशन क्लासमध्ये मी विचारलं होतं की माझ्या बेस्ट फ्रेंडची आजी गेल्या आठवड्यात वारली, ती वारकरी होती, आयुष्यभर कोणाचं वाईट केलं नाही तिने, ती आता कुठे आहे. मला सांगण्यात आलं असले प्रश्न विचारायचे नसतात, पाठ कर. केलं पाठ. सगळ्यांसमोर उभं राहून "होय, देवाच्या साहाय्याने" पण म्हटलं. पुढच्या वर्षी इंजिनियरिंगला गेले आणि रविवारी झोपायला लागले, कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मला परत आणायचा प्रयत्न करू नका प्लीज, मी मजेत आहे. फक्त त्या मुलांपैकी कोणी असं काही विचारलं तर गप्प करू नका.

घोरपडीकर

@आता जात नाही, थँक यू. आहे तसंच फाइलमध्ये जाईल, एक शब्दही काढणार नाही. आमच्या क्लासमध्ये हा प्रश्न आलाच होता, पाळकसाहेब बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले मला माहीत नाही, देव न्यायी आहे आणि दयाळू आहे एवढं मला माहीत आहे. मागच्या बाकावरच्या मंडळींना ते उत्तर फारसं आवडलं नाही. मुलांना आवडलं.

बिबवेवाडी हॉस्टेल

मी युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकतोय त्यामुळे थोडं पुस्तकी होईल, सांभाळून घ्या. लुथरन शिकवणीत साक्रामेंट, म्हणजे ख्रिस्ताने स्वतः लावून दिलेले पवित्र विधी, दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. कन्फर्मेशन त्यात नाही. बाप्तिस्म्यात देवाने जे दिलं त्याच्यात कन्फर्मेशन काही भर टाकत नाही, तेव्हा आईवडील बोलले होते आता मूल स्वतःच्या तोंडाने बोलतं, एवढंच. म्हणजे त्या दिवशी काही पूर्ण होत नाही. पण आपण तो कार्यक्रम असा करतो जसा काही दहावीचा सेंड-ऑफ, हार, भेटवस्तू, भाषणं, आणि मग मुलांनी गेट उघडून जाऊ नये अशी अपेक्षा. सक्तीनेही काही होत नाही. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने १७३६ ला कायदाच केला होता, कन्फर्मेशन नाही तर लग्न नाही. कन्फर्मेशन सगळ्यांचं झालं. आज तिथे रविवारी देवळात किती लोक असतात ते तिथे राहिलेल्यांना विचारा.

एस्पूहून परत

मी डेन्मार्क नाही पण फिनलंडला होते कंपनीकडून, तोही लुथरनच देश. पंधरा वर्षांची पोरं उन्हाळ्यात तळ्याकाठी आठवडाभर कन्फर्मेशन कॅम्पला जातात, जी घरं एरवी चर्चचं तोंड बघत नाहीत तीसुद्धा पाठवतात, गिटार, सौना, रात्री उशिरापर्यंत गप्पा. आणि रविवारी मी चर्चला जायचे तेव्हा पाच-सात पांढरी डोकी. म्हणजे नुसत्या कॅम्पने काही होत नाही हे लिहून ठेवा, इथे लोणावळ्याला कॅम्प काढला की प्रश्न सुटला असं वाटणारे बरेच आहेत.

पण एक गोष्ट मला तिथली फार आवडली. ज्यांचं कन्फर्मेशन होऊन गेलंय त्यांच्यातलीच काही मुलं ट्रेनिंग घेऊन पुढच्या कॅम्पला मदतनीस म्हणून परत येतात, इसोनेन म्हणतात त्यांना. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं पंधरा वर्षांच्या पोराला शिकवतंय, शेकोटीजवळ नाटुकलं बसवतंय, रडणाऱ्याला समजावतंय. माझ्या ओळखीत जी तरुण मुलं चर्चमध्ये दिसायची ती बहुतेक या मदतनिसांतली होती. तुमच्याकडे मागच्या वर्षी झालेली मुलं आहेत ना? त्यांना यावर्षीच्या क्लासला बसवा, चहा वाटायला नाही, शिकवायला.

पंचहौदी

आम्ही गुरुवार पेठेतले, पवित्र नाम देवालयाचे, म्हणजे सीएनआयचे. (पंचहौद म्हटलं की पुणेकरांना १८९० चा मिशनऱ्यांकडचा तो चहाच आठवतो, लोकमान्य टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पाडणारा. असो.) आमच्याकडे कन्फर्मेशन बिशप देतात, तुमच्यासारखं पाळकांच्या हातून होत नाही, त्यामुळे बिशपसाहेबांची तारीख मिळेपर्यंत पोरं ताटकळतात. मी का टिकलो तर साउंड सिस्टिम. खोटं नाही सांगत. माइक शिट्टी मारत होता, कमिटीतल्या एका काकांनी सगळ्यांसमोर मला हाक मारली, तुला कळतं ना यातलं, बघ जरा. तेव्हापासून मी बघतोय. विश्वास नंतर आला, वायरी गुंडाळता गुंडाळता प्रवचन ऐकावंच लागतं.

अकरावी सायन्स

हाय. मी या धाग्यातल्या "पोरांपैकी" एक आहे, मम्मीने लिंक पाठवली. सगळं वाचलं. छान आहे पण एक प्रॅक्टिकल गोष्ट कोणीच लिहिली नाही. आमच्या क्लासची टेस्ट सिरीज रविवारी असते. दर रविवारी. स्वारगेटला. सुटते दीड वाजता, उपासना अडीचला घोरपडीला, बस बदलून येईपर्यंत पहिलं गाणं आणि पापांगीकार दोन्ही संपलेलं असतं आणि मग दार ढकललं की सगळे मान वळवून बघतात. मला यायचंय. पण असं बघितलं की नको वाटतं.

आणि इसोनेन वालं मला चालेल. फक्त लहान मुलांना नाचाची गाणी शिकवायला सांगू नका.

छिंदवाड्याची माई

अगं बाळा, कोण बघतं तुझ्याकडे, नावं सांग मला.

घोरपडीकर

@अकरावी सायन्स, गाणी नाहीत, नक्की. दोन गोष्टी. एक, पाळकसाहेबांशी बोललो, परीक्षा संपेपर्यंत उपासना तीनला घ्यायला ते तयार आहेत, देवळाच्या कमिटीला विचारायचंय, कारण साडेचारला त्यांच्या तरुण संघाची मीटिंग असते. दोन, स्वारगेटवरून दीडला कोणाची गाडी घोरपडीकडे येते का? टू-व्हीलर चालेल, पण हेल्मेट दोन आणा. इथेच कळवा, मी लिस्ट करतो.

पंचहौदी

मी येतो दर रविवारी स्वारगेटला, आमची उपासना तोपर्यंत संपते. गेटपाशी थांबायला सांगा, आत क्लासमध्ये पार्किंग नाही.