उसाआडचं वळण: मधली पट्टी तुटक हवी की अखंड?

वाटसरू_सांगली: गळीत हंगाम लागला की आमच्याकडच्या दुपदरी रस्त्यांवर जीव मुठीत धरून ओव्हरटेक करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ८० च्या वेगाला ओव्हरटेकसाठी समोरचा ४७० मीटर रस्ता दिसायला हवा, १०० ला ६४०. नजरेची उंची धरतात १.२ मीटर. वळणाच्या आतल्या अंगाला दीड पुरुष ऊस उभा असेल तर तेवढ्यावरून काय दिसणार, पाचट? फड तुटला की तेच वळण आरपार दिसतं. पट्टी मात्र बारा महिने तुटक, म्हणजे ओव्हरटेकला मुभा. ऊस उभाच आहे असं धरून अशा वळणांवर अखंड, म्हणजे ओव्हरटेकला मनाई करणारी पट्टी मारा.

क्लचप्लेट: मारा की. पाळणार कोण? पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, वेग वीसचा, मागे गाड्यांची ही रांग! दहा मिनिटं त्याच्या डेकवरची गाणी ऐकली की पट्टी कुणाला दिसत नाही. त्यापेक्षा ट्रॅक्टर बाजूला घ्यायला मधून मधून रुंद जागा करा.

लेव्हलमशीन: जागा हव्यातच. पण ते ४७० सुद्धा पुढची गाडी ताशी १६ किमीनेच हळू आणि ६ मीटर लांब धरून काढलंय. ट्रॅक्टरमागे आपणही विसावर येतो, तिथून वेग घेत दोन ट्रॉल्या ओलांडायच्या. समोरचा मात्र ८० नेच येतो. बारा सेकंद उजवीकडे राहिलात तर तेवढ्यात तो एकटाच सुमारे २६७ मीटर कापतो.

बांधावरचा: थोडक्यात, आता शेतकऱ्याने ऊस मागे घ्यायचा. माझी सरी रस्त्याच्या हद्दीत नाही हो. मोकळी जागा हवी तर रीतसर संपादन करा, मोबदला द्या.

लेव्हलमशीन: ओव्हरटेकपुरतं मोकळं करायचं तर ५०० मीटर त्रिज्येच्या वळणाला मध्यावर सुमारे ५५ मीटर आत जावं लागेल. तेवढी जमीन कोणी घेत नाही. ब्रेक मारून थांबण्यापुरते १२० मीटर दिसायला साडेतीन-चार पुरतात. म्हणून रस्ता तेवढ्यावर बांधायचा आणि तिथं ओव्हरटेक बंद ठेवायचा. वाटसरूंशी सहमत.

बांधावरचा: साडेतीन-चार मीटरचं बोलू. ५५ विसरा.

क्लचप्लेट: म्हणजे आम्ही ट्रॅक्टरमागेच. मग निदान मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि लाल दिवा तरी सक्तीने लावायला लावा. रात्री ओव्हरटेक राहू दे, ट्रॉली आहे हेच कळत नाही.