मदत हवी आहे: बाळ संध्याकाळी रडायचं थांबतच नाही

रात्रपाळी (रात्री ११:०५)
नमस्कार. बाळ रोज संध्याकाळी सातच्या सुमारास रडायला लागतं ते दहा-साडेदहापर्यंत. घेतलं तरी रडतं, ठेवलं तरी रडतं. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले सगळं ठीक आहे. घरात पाच माणसं आणि पाच सल्ले. मला फक्त एवढंच सांगा की काय केलं की थांबतं. थिअरी नको. सकाळी आठला कामावर जायचंय.

अळीवाची_खीर (११:१२)
बाळ केवढं आहे?

टोरांटोकर (११:१४)
वय, वजन, अंगावर पितं की वरचं दूध, दिवसातून शू किती वेळा, शी कशी, ताप आहे का? यातलं एकही लिहिलेलं नाही. कसं सांगणार कोणी?

रात्रपाळी (११:१६)
लहान आहे हो. नवीनच आहे. वयाने काय फरक पडतो?

अळीवाची_खीर (११:१९)
पडतो. पाच आठवड्यांचं आणि पाच महिन्यांचं बाळ एकाच कारणाने रडत नसतं.

रात्रपाळी (११:२०)
पाच आठवडेच झालेत. मुलगी. आता सांगा.

सहाणवाली (११:३१)
अरे बाळा, पाच आठवडे झाले आणि घरात गुटी नाही? आमच्या वेळी बाराव्या दिवसापासून सुरू व्हायची. मुरडशेंगेचे चार वेढे, बाळहिरड्याचे दोन, वेखंडाचा एक, सुंठेचा एक, जायफळाचा अर्धाच, सगळं आईच्या दुधात उगाळायचं आणि बोंडल्याने पाजायचं. मुरडशेंग नावातच सांगते की मुरड्यावर आहे. माझी दोन आणि जावेची दोन, चौघांनाही दिली. संध्याकाळचं रडणं काय असतं ते आम्ही पाहिलंच नाही.

चिकित्सक_चिंतू (११:३८)
आणि जायफळाने बाळ गुंगतं, हे का नाही सांगत काकू? पोट बरं झालं म्हणून झोपलं की जायफळ चढलं म्हणून झोपलं, हे कसं ओळखायचं? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहाण कशाने धुतली, कुठे वाळवली, त्यावर कोण बसून गेलं, देव जाणे.

सहाणवाली (११:४४)
म्हणून तर अर्धा वेढा म्हटलं. आणि सहाण उकळत्या पाण्याने धुतात, तेवढी अक्कल आमच्या सासवांनाही होती.

इतिहासाचा_मास्तर (११:५२)
मूल झोपवण्याच्या औषधांवरून आठवलं. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगार बायका पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन जात. त्याची नोंद इंग्रजांच्या काळातल्या अहवालांतही सापडते. आणि ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने काढलं. त्यात पूर्वी चक्क मद्यार्क असे. बाकी होतं ते सोड्याचं पाणी आणि डिलचं तेल. डिल म्हणजे शेपू, म्हणजे आपली बाळंतशेप त्याच घरातली. आपण बाळंतिणीला चघळायला देतो, साहेबाने ती बाटलीत भरून बाळाला पाजली, एवढाच फरक.

रात्रपाळी (११:५५)
मास्तर, माहिती छान आहे, पण माझी मुलगी आत्ता रडतेय. ग्राइप वॉटर देऊन झालं. दोन मिनिटं चाटत बसते आणि परत सुरू.

टोरांटोकर (रात्री १२:०२)
डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. इथे आम्हाला नर्सने एकच गोष्ट लिहून दिली होती: रोज व्हिटॅमिन डीचे थेंब, ४०० युनिट. तिकडेही डॉक्टर देतात, तुम्हाला दिलेत का? आता ऐका, हे गंभीरपणे वाचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध प्यायलाच नकार, किंवा बाळ लुळं पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक दवाखाना.

रात्रपाळी (१२:०४)
ताप नाही. थेंब दिलेत. बाकीचं काही नाही.

माह्यं_नागपूर (१२:०९)
काही होत नाही भाऊ. माह्या पोरीनं तीन महिने असाच जीव खाल्ला, मग एक दिवस आपोआप बंद. सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असते, मग उतरते. संध्याकाळी दिवे लावले की सुरू, घड्याळ लावून. बायको म्हणे दृष्ट, मी म्हणे गॅस. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या, पोटावर हिंग लावून झाला. शेवटी मी तिला हातावर पालथी घालून गॅलरीत फिरायचो. तिचं पोट माह्या मनगटावर, डोकं कोपराशी, हात-पाय दोहीकडे लोंबते. अर्ध्या तासात गप. हात मात्र आपला उरत नाही.

अळीवाची_खीर (१२:१५)
हा उपाय खरा आहे. आमच्याकडेही चालला. पण बाळ झोपलं की गादीवर उताणंच ठेवा, पालथं नाही. आणि रडण्याने डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. गदागदा हलवायचं मात्र नाही. हे कोणी सांगत नाही आणि रात्री साडेअकराला आपल्यातल्या शहाण्यातल्या शहाण्याचाही ताबा सुटतो.

नोंदणी_नाना (सकाळी ७:४०)
अभिनंदन! जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते, ती झाली असेलच. दाखल्यावर नाव घातलं नसेल तर नोंदणीपासून एका वर्षात बिनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क लागतं. आईचं नाव आधार कार्डाशी जुळतंय का ते आत्ताच पाहा. आमच्या पुतणीच्या पासपोर्टला यावरून चार हेलपाटे पडले.

चिकित्सक_चिंतू (७:५८)
नाना, बाळ रडतंय. दाखला नाही.

नोंदणी_नाना (८:०३)
शाळेच्या प्रवेशाला रडाल तेव्हा आठवण काढाल.

गावाकडची_सून (८:२०)
मी जरा वेगळं विचारते. दादा, तुम्ही सारखं "घरात पाच माणसं" म्हणताय. त्यातल्या बाळंतिणीला काय वाटतंय? एकदाही लिहिलं नाहीत. आणि टोरांटोकरांनी कालच विचारलं होतं, अंगावर की वरचं? तेही नाही.

रात्रपाळी (८:२२)
अंगावर. थोडं वरचं. ती थकलेली आहे, तिला काय विचारणार. कामावर निघालो.

टोरांटोकर (८:४०)
"थोडं वरचं" म्हणजे? कधीपासून, कुठल्या वेळी, किती, कोण करतं?

सहाणवाली (९:०५)
दूध कमी असेल तर तिला अळीव, खसखस, शतावरी द्या. डिंकाचे लाडू केलेत का? नसतील तर मी प्रमाण टाकते. एक वाटी डिंकाला दोन वाट्या खारकेची पूड...

चिकित्सक_चिंतू (९:०९)
दूध कमी आहे असं कोणी म्हटलं इथे?

रात्रपाळी (दुपारी २:१८)
नमस्कार. मी या आयडीची बायको. हे ऑफिसला गेलेत आणि लॅपटॉप उघडा ठेवून गेलेत. सगळं वाचलं. मला काय वाटतं हे विचारल्याबद्दल गावाकडच्या सुनेला हात जोडून नमस्कार.

दूध येतं. ओलसुद्धा येते, ब्लाउज बदलावा लागतो. पण संध्याकाळी ती अर्ध्या-अर्ध्या तासाने मागते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पुरत नाही. ह्यांनी पावडरचा डबा आणला. गेले दहा दिवस रोज सात वाजता बाटली. बाटली हेच करतात, मला वाटलं मदत करतायत, मीही बोलले नाही.

काल ओट्याशी उभं राहून पाहिलं. डब्यावर लिहिलंय, ३० मिलीला एक सपाट चमचा. हे ६० मिलीला तीन घालतात, तेही शिगोशीग, वर टेकाड. पावडर आधी, पाणी नंतर. बाटली हलवली की आत गोळे फिरतात, आणि निपल धुताना बघावं तर भोकात पीठ अडकलेलं. विचारलं तर म्हणे, घट्ट दिलं की रात्रभर पोट राहील, तू झोपशील. मनापासूनच करतात हो. पण तीन दिवस शी खड्यासारखी आहे, कुंथते. रडणं आधीही होतं, पण तासाभराचं. आता तीन तास.

अळीवाची_खीर (२:२६)
तिची पहिल्यापासूनची वजनं आहेत का?

रात्रपाळी (२:३१)
जन्माला २.८. खाली गेलं आणि पंधरवड्याला परत २.८. बाटली सुरू केली त्या दिवशी ३.१, म्हणजे पंचविसावा दिवस. परवा ३.४. शू दिवसाला सात-आठ वेळा, बाटलीच्या आधीही तेवढीच.

अळीवाची_खीर (२:४४)
मग हिशेब करा. चौदा ते पंचवीस, अकरा दिवसांत ३०० ग्रॅम. म्हणजे रोजचे सत्तावीस, आणि या वयाला वीस ते तीस धरतात. सहाच्या वर शू होती. दूध पुरत होतं ताई. बाळ सारखं मागतं म्हणजे उपाशीच असतं असं नाही, संध्याकाळी बहुतेक तान्ही अशी चिकटूनच असतात. बाटली मध्ये आली की तेवढ्या वेळचं अंगावरचं ओढणं कमी होतं, आणि मग खरोखरच दूध कमी व्हायला लागतं.

टोरांटोकर (२:५०)
आणि पावडर थांबवली किंवा ठेवली, तरी डॉक्टरांना विचारून. पण आजपासून शीग बंद. चमचा भरायचा आणि डब्याच्या आतल्या कडेला घासून सपाट करायचा. आधी मोजून पाणी, उकळून निवलेलं, मग पावडर. उरलेलं तासाभराच्या आत फेकून द्यायचं, पुढच्या पाळीला ठेवायचं नाही. पातळ करणंही तितकंच वाईट, तेव्हा "जास्त पाण्याने पोट हलकं राहील" असं कोणी म्हटलं तर तेही नको. शी खड्यासारखी आहे हे डॉक्टरांना सांगितलंत का?

रात्रपाळी (२:५३)
नाही. तेव्हा बाटली नुकतीच सुरू झाली होती. त्यांनी विचारलं, दूध कसं पिते, हे म्हणाले, छान.

माह्यं_नागपूर (३:०५)
हा बापाचा हात असतोच असा. मीही चहात साखर अशीच घालतो.

सहाणवाली (३:२०)
सून असून सासूबाईंना दोष देत नाहीये, हे मला आवडलं. गुटीचं मी मागे घेत नाही, पण पावडर आणि गुटी दोन्ही एकदम नकोत, हे मान्य. आणि मध अजिबात चाटवू नका, वर्षाच्या आत मुळीच नाही. माझी आजी चाटवायची, आता आम्हीही नाही चाटवत.

चिकित्सक_चिंतू (३:२४)
काकू, मधाबद्दल आपलं एकमत झालं, ही तारीख लिहून ठेवतो.

रात्रपाळी (तीन दिवसांनी, रात्री १०:२०)
मी स्वतः लिहितोय आता, हिच्या समोर. आधी सांगतो, वाचून लाज वाटली. डब्याची मापाची पट्टी मी कधी वाचलीच नव्हती, चमचा म्हणजे चमचा असं वाटलं. डॉक्टरांकडे परत गेलो, या वेळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, वजन ठीक आहे, दूध येतंय, बाटली एक-दोन दिवसांत काढून टाका, संध्याकाळी आईला मोकळं सोडा आणि तुम्ही भांडी घासा. हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. पुढच्या आठवड्यात लसी आहेत, तेव्हा वजन बघतील.

आई दोन दिवस रुसली. "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" मग काल तिनेच हिला साडेसातला खोलीत पाठवलं, जेवणाचं ताट आत नेऊन दिलं.

रडणं गेलं नाही. आठला सुरू होतं, सव्वानऊपर्यंत. नागपूरकर, तुमची पद्धत वापरतोय. गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अकरा पावलं होतात. काल चाळिसाव्या फेरीला झोपली, आणि मी दारातून आत येताना उंबऱ्याला ठेचकाळलो. परत पहिल्यापासून.

गुटीचं सामान आईने आणलंच होतं, ते डब्यात पडून आहे. सहाण मात्र वर काढून ठेवलीय, चंदनासाठी.

नोंदणी_नाना (१०:३४)
दाखल्यावर नाव घातलंत का?

रात्रपाळी (१०:३६)
नाव अजून ठरलं नाही.