मदत हवी आहे: स्वरतंतूवरच्या पॉलिपचं (मऊ, फोडासारख्या वाढीचं) ऑपरेशन, लेझरने की साध्या हत्यारांनी? (इंदूर)

राजवाडा_कट्टा: नमस्कार मंडळी. आत्या, वय 46, इंदूरला शाळेत शिकवते. तीन महिने आवाज घोगरा आहे, दुपारपर्यंत फाटतो. स्ट्रोबोस्कोपीत (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची हालचाल बघायची तपासणी) उजव्या स्वरतंतूवर पॉलिप दिसला. डावा तंतू समोरच्याच जागी थोडा जाड आहे. तंबाखू-सिगारेट नाही. एक ईएनटी लेझर सांगतात, दुसरे साधी हत्यारं. ठरवायचं कसं? आणि शाळेत कधी जाता येईल?

घसा_तज्ज्ञ: लेझर की कात्री, यापेक्षा किती खोल कापतात ते महत्त्वाचं. तंतूवर पातळ आवरण, त्याखाली जेलीसारखा मऊ थर आणि त्याखाली लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा. पॉलिप बहुधा त्या मऊ थरातच असतो आणि आवाजाची लाटही त्याच थरावर चालते. कापताना हात लिगामेंटपर्यंत गेला तर व्रण राहतो, लाट अडते, आणि मग आवाज पूर्ववत करणं फार कठीण. देठाचा पॉलिप चिमट्यात धरून मध्याकडे अगदी हलका ओढतात आणि बारीक कात्रीने मुळाशी कापतात. जास्त ओढला तर निरोगी आवरणही सोबत निघतं. पसरट असेल तर आवरणाला छेद देऊन आतला भाग काढतात आणि आवरण परत बसवतात. कार्बन डायऑक्साइड लेझरने रक्त कमी येतं, पण चुकीच्या हातात शेजारचा भाग भाजतो. म्हणून यंत्र कुठलं हे विचारू नका. आधीच्या पेशंटचं ऑपरेशनपूर्वीचं आणि नंतरचं स्ट्रोबोस्कोपी रेकॉर्डिंग नावं झाकून दाखवता का, ते विचारा.

डावीकडचा जाडपणा बहुतेक घासून आलेला असतो, उजवीकडचं निघालं की पुष्कळदा आपोआप कमी होतो. तोही ‘साफ करून टाकू’ म्हणणाऱ्याला कारण विचारा. दोन्ही तंतू पुढच्या टोकाशी एकाच वेळी सोलले गेले तर ते एकमेकांना चिकटून पडदा धरतो.

काढलेला तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे. रिपोर्टमध्ये पॅपिलोमा (चामखिळीसारखी वाढ) निघाला तर गणित वेगळं. तो एचपीव्ही 6 आणि 11 या विषाणूंमुळे होतो आणि पुन्हा पुन्हा येऊ शकतो.

भूल_विभाग: हलणारा दात, कॅप, ब्रिज असेल तर आधीच सांगा. स्वरतंतू दिसावेत म्हणून तोंडातून घालतात ती धातूची नळी वरच्या दातांवर टेकते. तिचा दाब जिभेवर पडल्याने काहींना थोडे दिवस जीभ बधिर वाटते, चव बदलते. श्वासाची नळीही नेहमीपेक्षा बारीक, 5 ते 5.5 मिमीची घालतात, म्हणजे सर्जनला जागा मिळते. लेझर असेल तर नळी वेगळी लागते. ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या आत ठेवतात आणि नळीच्या फुग्यात हवेऐवजी रंगीत सलाइन भरतात. ठिणगीने नळी पेटू शकते, आणि फुगा फुटला तर रंग लगेच दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लपवू नका.

राजवाडा_कट्टा: नुसत्या व्यायामाने जाणार नाही का?

वाणी_उपचार: दोन्ही बाजूंना सारख्या गाठी असत्या, म्हणजे शिक्षकांमध्ये नेहमी दिसणारे नोड्यूल, तर आधी आवाजाची थेरपीच. एका बाजूचा तीन महिन्यांचा पॉलिप थेरपीने विरळाच जातो. तरी ऑपरेशनआधी दोन-तीन सेशन्स करून घ्या, कारण ओरडून शिकवायची सवय कात्रीने जात नाही.

नंतरचं मौन सर्जन सांगतील तेवढं, साधारण 3 ते 7 दिवस. कुजबुजणंही बंद, त्यानेही घशावर ताण येतो. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या. मग दिवसाला पाच-दहा मिनिटांपासून बोलणं वाढवत न्या, जोडीला पाण्यात स्ट्रॉ बुडवून ‘ऊ’ काढण्याचा व्यायाम. आंबट ढेकर किंवा जळजळ असेल तर झोपण्याआधी तीन तास काही खायचं नाही, म्हणजे सराफा बाजारातली रात्रीची खाऊ-फेरी बंद. वर्ग साधारण चार ते सहा आठवड्यांनी, तोही कमरेला लावायच्या माइकवर. डॉक्टरांनी घाई सांगितली नसेल तर तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातली घ्या.

घसा_तज्ज्ञ: +1. पण श्वास लागला, गिळताना दुखलं किंवा थुंकीत रक्त आलं तर सुट्टीची वाट बघू नका.